आतून आखलेली बेटं

जोतिबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. पहिल्यांदा म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ आडवा आला. देवाचा रथ डोळा भरून बघितल्याशिवाय आपण कुणाला डोळ्याला हात लावू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बरं, रथ झाला. पुढची तारीख मिळाली तेव्हा मिरजेच्या दवाखान्याच्या दारापर्यंत आले, तिथल्या पायरीवर बसकण मारली आणि म्हणाले, "पैलं बेटं. मग डोळा."

त्यांची मुलगी प्रियदर्शनी म्हसवडला हायस्कुलात भूगोल शिकवते. एकवीस वर्षांच्या नोकरीत तिने हट्टी पोरं, हट्टी पालक आणि त्यांच्याहून हट्टी मुख्याध्यापक सांभाळले, पण बापापुढे तिने हात टेकले. उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता. डाव्यात नळीतून बघितल्याएवढं उरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की ऑपरेशनने गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र बहुतेक टिकेल. क्वचित तेही जातं. पण थांबलात तर नक्कीच जाईल. एवढ्या सगळ्या बोलण्यातला 'क्वचित' तेवढा जोतिबांनी घट्ट धरून ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं.

आता ही बेटं कुठली, ते सांगायला हवं. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस लष्करात. जोतिबा भरतीला गेले तेव्हा छाती दीड इंच कमी भरली. गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून मिळेल ती सरकारी नोकरी धरली, ती निघाली दीपगृह खात्यातली. ज्याने पोहायला म्हणून कधी विहिरीत उडी मारली नव्हती, त्याला सरकारने नेऊन भर समुद्रात ठेवला. तळकोकणच्या किनाऱ्यापासून बरंच आत सात खडकांचा एक पुंजका आहे. कोळी त्याला काळोबाचे खडक म्हणतात. त्यातल्या मोठ्या खडकावर दिवा, बाकीच्यांवर पक्ष्यांची घाण. तिथे जोतिबांनी दोन महिने आत, महिनाभर बाहेर, अशा पाळीने चौदा वर्षं काढली. पुढे दिवा आपला आपण लागायला लागला आणि माणसं उतरवून घेतली.

या खडकांबद्दल ते घरात कधी अवाक्षर बोलले नव्हते. मग एका रविवारी प्रियदर्शनीला अवदसा आठवली. शाळेच्या कपाटातलं एक जाडजूड जिल्हावर्णन तिने घरी आणलं होतं, त्यातला त्या बेटांवरचा मजकूर तिने बापाला वाचून दाखवला. सगळा मिळून साडेतीन ओळी. 'लहानमोठ्या सात खडकांचा निर्मनुष्य समूह. गोडे पाणी नाही. वनस्पती नगण्य. जहाजांस धोकादायक.'

"निर्मनुष्य?" जोतिबा म्हणाले. "मग आमी चौदा वर्सं काय बगळं हुतो?"

"अण्णा, कायमची वस्ती नाही, असा अर्थ असतो त्याचा."

"मग भाकरी कोन थापत हुतं तितं? वाच पुन्यांदा."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी लेकीचा पिच्छा पुरवला. त्यांना बेटांचा नकाशा हवा होता. कागदावरचा नको, कागद आता दिसत नव्हता. हाताला लागेल असा हवा. उद्या डोळा गेला तर बेटं बोटांत तरी पाहिजेत, म्हणजे शाळेतल्या पोरांचे हात धरून दाखवता येतील. बरोबरचे तिघे दिवेवाले एकेक करून वारले होते. होडी कुठे लावायची, कुठला खडक भरतीत बुडतो, हे ठाऊक असलेला जगात हा एकच माणूस उरला होता. आणि ऑपरेशनने डोळा गेला तर बनवलेलं बरोबर आहे की नाही हे उजेडात एकदा बघायचंही राहून जाईल, म्हणून आधी बेटं.

"दावा की," त्यांची बायको चंद्राबाई चुलीपुढून म्हणाली. "उंचावर बसून गार हवा खाल्ली, ती बी दावा पोरास्नी."

हा चंद्राबाईचा चाळीस वर्षांचा टोमणा. घरातल्या सगळ्यांना तो पाठ होता. मोठ्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली, तेव्हा बायका दोराला धरून खाली उतरत आणि कपारीतून पाझरणारं पाणी वाटीवाटीने घागरीत भरत. अर्धा दिवस त्यात जाई. वर बघितलं की आभाळ ताटाएवढं दिसे. प्रियदर्शनीच्या वेळेला सातवा महिना लागला होता तरी चंद्राबाई उतरली होती. "आमी हिरीच्या तळाला, आन आमचं मालक पान्याच्या मधोमध, दिव्याच्या टोकावर," असं ती ज्याला त्याला सांगे. जोतिबा यावर कधी काही बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत राहायचे.

नकाशाचं काम सुरू झालं आणि प्रियदर्शनीच्या सुट्ट्यांची माती झाली. बाप खाटेवर, ती खाली पाटी आणि कागद घेऊन.

"दिव्यापासनं खिंड किती?"

"दोन कासरं."

"अण्णा, मीटरमध्ये सांगा."

"मीटर तितं कुटनं आनू? दोन कासरं म्हंजी दोन कासरं."

कासरा म्हणजे बैलाची दोरी. ती किती लांब, ते बैलावर आणि त्याच्या मालकावर अवलंबून. शिवाय जिथे कासरा पुरेना तिथे 'एक हाक' आणि 'बिडी वढून होस्तवर' अशी मापं येत. खडकांना नावंही सगळी गावाकडची. मोठं ते थोरलं, त्याच्या शेजारचं धाकलं. सपाट माथ्याचं ते खळं. एकमेकाला खेटून दोन, ती बैलजोडी. लांबलचक आडवा पडलेला तो बांध. आणि भरतीला बुडणारा, ओहोटीला शेंदूर फासल्यासारखा तांबडा दिसणारा, तो म्हसोबा. समुद्रात राहून या माणसाने माणदेशातलं एक शिवार आखून घेतलं होतं.

"एक म्हसोबा सोडला तर देव कुठे बसवला नाही का?" प्रियदर्शनीने एकदा चिडून विचारलं.

"येकच पुरं. त्येनं दोन होड्या खाल्ल्या," जोतिबा शांतपणे म्हणाले.

एका दुपारी तिने मोबाइलवर उपग्रहातून दिसणारे ते खडक काढले, पारदर्शक कागदावर आपलं चित्र त्याच मापाचं करून घेतलं आणि एकावर एक ठेवून पाहिलं. मनात हेच होतं की आता चुका सापडतील आणि म्हाताऱ्याचा आवाज बंद होईल. पण सातही खडक आपापल्या जागी बसले. म्हसोबासुद्धा, जो वरून नुसता पांढऱ्या फेसाचा ठिपका दिसत होता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रागच आला, कारण आता त्या कागदाला नावं ठेवायला जागा उरली नव्हती.

मग नववीच्या मुलींना हाताशी धरून तिने कागदाच्या लगद्याची बेटं केली. जोतिबांनी हात फिरवला आणि म्हणाले, "ह्ये शेनाचं पो कुनी टाकलं?" मुली हिरमुसल्या. प्रियदर्शनीने तो पुठ्ठा उचलून माळ्यावर फेकला आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही.

जैनुद्दीन चाचा सापडले ते असेच, वैतागातून. दवाखान्याच्या पायरीवर 'पैलं बेटं' झालं त्या दिवशी ती बापाला घेऊन तरातरा एस.टी. स्टँडकडे निघाली होती. वाट सतारवाल्यांच्या गल्लीतून गेली. एका दुकानाच्या कट्ट्यावर सतारीची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवायची लाकडी फळी, नुकती घासून उन्हात ठेवली होती. जोतिबांचा हात जाताजाता तिच्यावर पडला आणि तिथेच थांबला. पुढून मागे, मागून पुढे, असा त्यांनी तो चार वेळा फिरवला.

"ह्यो मानूस करंल," ते म्हणाले.

आतला माणूस सत्तरीचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बनियनवर लाकडाचा भुसा. त्याच्या आज्यापासून घरात हेच काम. त्याने प्रियदर्शनीने पिशवीतून काढलेला नकाशाचा कागद उजेडात धरला आणि विचारलं, "ह्याला तारा कुठं लावायच्या?"

"तारा नाहीत चाचा. ही बेटं आहेत. समुद्रातली."

"मी समुद्र बघितला न्हाई मॅडम. हैदराबादला गेलो, दिल्लीला गेलो. समुद्राकडं कुणी सतार मागवली न्हाई." मग जोतिबांकडे बघून ते म्हणाले, "पण दादा, लाकूड देतो तुनाचं. हलकं आणि टिकाऊ. तुमच्या नातवाला पुरंल."

पंधरा दिवसांत ते देतो म्हणाले. पंधरा दिवसांत प्रियदर्शनीने नऊ फोन केले. पहिल्या फोनला चाचा खडबडीतपणावरून अडून बसले होते. खडक खडबडीत ठेवा, असं तिने कागदावर लिहून दिलं होतं. "मॅडम, माझ्या दुकानातनं खडबडीत वस्तू? लोक थुंकतील." शेवटी चाचांनी खडक खडबडीत आणि समुद्र गुळगुळीत ठेवण्यावर तडजोड केली. पाचव्या फोनला ते म्हणाले, जाडी सगळीकडे एकसारखी ठेवलीय, वाजवून बघितलं, आवाज सुरेख येतोय. बेटांना आवाज कशाला हवा, हे विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. नवव्या फोननंतर त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. ती तेव्हा सराव परीक्षेच्या पेपरवर देखरेख करत होती, दोन पोरांच्या कॉप्या पकडून नुकतीच दमली होती. तिने फोटो बघितला, 'मस्त झालंय चाचा' लिहिलं आणि वर एक अंगठा टाकला.

तिसरी तारीख बुधवारची. साडेअकराच्या आत दवाखान्यात हजर व्हायचं. मंगळवारी संध्याकाळी दोन एस.टी. बदलून तिघं मिरजेत आले आणि लॉजवर राहिले. बुधवारी दहाला जोतिबा धोतर नेसून, टोपी घालून खाटेवर तयार बसले होते. दवाखान्यासाठी नव्हे.

"आधी दुकान," ते म्हणाले.

"आधी दुकान, मग थेट दवाखाना. अण्णा, शपथ घ्या."

"सिद्धनाथाची."

सतारवाल्यांच्या गल्लीत चाचांनी फळी एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दोन हात लांब, दीड हात रुंद. कट्ट्यावर ठेवून त्यांनी फडकं बाजूला केलं तेव्हा प्रियदर्शनीला खरोखर बरं वाटलं. समुद्र तेल लावल्यासारखा तकतकत होता आणि त्यातून सात खडक वर आले होते. थोरल्यावर दिव्याच्या जागी सतारीची एक छोटी खुंटी बसवली होती. चंद्राबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. इतक्या वर्षांत तिलाही ती जागा पहिल्यांदाच दिसत होती.

जोतिबा फळीवर वाकले. आधी डावा डोळा जवळ नेऊन त्यांनी पाहिलं, मग डोळा मिटला आणि हात ठेवला.

"हां. ह्यो दिवा," ते म्हणाले. बोटं खुंटीवरून खाली उतरली. "ही खिंड. हितं होडी लागायची." बोटं खिंडीतून वर आली, वळली आणि थांबली. परत खिंडीत गेली. परत वर आली.

"उलटं हाय."

"काय उलटं?" प्रियदर्शनी फळीवर वाकली.

"समदं. खिंडीतनं वर आलं की डाव्या हाताला खळं पायजे. ते उजवीकडं गेलंय. बैलजोडी तिकडची हिकडं आलीया. आन म्हसोबा बघ कुटं बसवलाय. ह्या नकाशावर होडी लावली तर सा मानसं जातील."

तिने मोबाइल काढला, उपग्रहाचं चित्र लावलं, फळीशेजारी धरलं. फळी इकडून फिरवली, तिकडून फिरवली. कशीही फिरवा, जुळेना. आरशात बघावं तशी सगळी बेटं उलटी झाली होती. भूगोलाची शिक्षिका. एकवीस वर्षं. डोळे दोन्ही शाबूत. फोटो बघून अंगठा टाकून मोकळी झाली, आणि आंधळ्या होऊ घातलेल्या म्हाताऱ्याने चूक मिनिटभरात पकडली. तिला त्या गल्लीत, सगळ्या भोपळ्यांच्या साक्षीने, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"चाचा, हे काय केलंत?"

जैनुद्दीन चाचांचा चेहरा उतरला होता, पण मान ताठ होती. "कागदाबरहुकूम केलं मॅडम. चार दिवस द्या. दुसरं करून देतो."

"मी चार दिस थांबतो," जोतिबा लगेच म्हणाले आणि कट्ट्यावर बसले.

आणि मग प्रियदर्शनीचा तोल गेला. "थांबतो काय, अण्णा? थांबतो काय? रथ झाला, थांबलात. लगदा झाला, थांबलात. सिद्धनाथाची शपथ घेतलीत तिला तासही झाला नाही! डोळा चाललाय तुमचा, कळतंय का? एकदा गेला की गेला. मी तुम्हाला काठी धरून फिरवणार, मी तुम्हाला ताट दाखवणार, आणि तुम्हाला सात दगडांचं पडलंय! तिथे कुणी राहत नाही, कुणी जात नाही, कुणाला त्यांचं काही देणंघेणं नाही. मलाही नाही!"

गल्लीतल्या दोन दुकानांतला लाकूड घासायचा आवाज थांबला.

"ठाव हाय," जोतिबा म्हणाले. "कुनालाच न्हाई. म्हनून तर मी थांबतोय."

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता. साडेअकरापर्यंत पेशंट आला नाही तर आजची यादी बंद होईल, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तेव्हा अकराला दहा कमी होते. प्रियदर्शनीने फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले, रागाने आणि कशाकशाने. तिला बापाला उचलून रिक्षात कोंबावंसं वाटत होतं. पण बहात्तर वर्षांचा हाडकुळा माणूसही बसून राहायचं ठरवलं की हलत नाही.

आपल्या कामाची बदनामी जैनुद्दीन चाचांना मात्र सहन झाली नाही. "मॅडम, जरा थांबा. माझ्या हातनं चूक झाली असं म्हणता, मग बघा." त्यांनी फळी उचलली आणि पालथी घातली. "आमच्या घरात तबली आतनं आखतात. वरनं रेघ मारली तर लाकडावर डाग राहतो, पॉलिश धरत न्हाई. कागद आतनं चिकटवायचा, आतनं कोरायचं, मग बाहेरनं त्याच्याबरोबर उतरवत यायचं. आज्यानं शिकवलं तसं. हा बघा तुमचा कागद. इथं रेघ सोडली असेल तर दाखवा."

फळीच्या पोटात सात खड्डे होते. त्यांच्या काठाने प्रियदर्शनीच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. तिने मोबाइल शेजारी धरला. खळं डाव्या हाताला. म्हसोबा आपल्या जागी. आतून सगळं बरोबर होतं. कागद आत चिकटवल्यामुळे बाहेरून तेवढं उलटं झालं होतं.

"पण चाचा, हे खड्डे आहेत," ती थकून म्हणाली. "बेट म्हणजे उंचवटा. खड्डा नव्हे. हे घेऊन मी काय करू?"

जोतिबांचा हात एव्हाना फळीवर येऊन पडला होता. तो थोरल्याच्या खड्ड्यात उतरला. तळाशी टेकला. तिथून खिंडीच्या खाचेत गेला, वर आला, डावीकडे वळून खळ्यात उतरला. पुढे बैलजोडी, पुढे बांध. बोटं कुठेही अडखळली नाहीत. ते कितीतरी वेळ असेच फिरत राहिले, आणि त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं.

"ह्ये बरुबर हाय," ते म्हणाले.

"अण्णा, बेटं वर असतात."

"तू कवा गेलीस तितं? हितनं बघनाऱ्याला बेट वर दिसतं, पोरी. तितं बसल्यावर समुद्र वर आस्तो. चारी अंगानं चडत चडत गेलेला, आन त्येचा काठ आभाळाला टेकल्याला. दिव्याच्या टोकावर जाऊन बघितलं तरी काठ तेवडाच वर. मी रोज बघायचो, आज तरी खाली जाईल. न्हाई जायचा. मानूस आपला तळाला." त्यांचं बोट थोरल्याच्या खड्ड्यात परत गेलं आणि तिथेच राहिलं. "मी हितं हुतो."

क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतं, माणूस वर चढला की तेही त्याच्याबरोबर वर चढतं, हे प्रियदर्शनी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या आकृतीत तिने कधी माणूस काढला नव्हता, नुसता एक डोळा काढला होता.

चंद्राबाई पुढे आली. तिने नवऱ्याचं बोट त्या खड्ड्यातून बाजूला केलं आणि स्वतःचं आत घातलं.

"लय खोल वाटायचं?"

"आपल्या हिरीयेवडं."

"आन वर?"

"वर आभाळ. बाकी काय न्हाई."

चंद्राबाईने बोट काढलं नाही. चाचा चष्मा पुसत उगाचच दुकानात आत गेले.

"चला," जोतिबा टोपी सारखी करत उठले. "किती वाजलं? डॉक्टरीन वरडंल."

अकरा वाजून पाच मिनिटांनी रिक्षा मिळाली. एरवी प्रियदर्शनी पुढे सिग्नल लागला, म्हैस आडवी आली, तरी रिक्षावाल्याला झापते. आज ती पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून गप्प बसली, कारण मागे काय चाललंय ते तिला ऐकायचं होतं. चंद्राबाईच्या मांडीवर फळी होती, पालथी. तिचं बोट अजून थोरल्याच्या खड्ड्यात होतं.

मग चंद्राबाईच फुटली.

"चाळीस वर्सं मी टोमनं मारत बसले. ह्येला सांगितलं, त्येला सांगितलं. पावन्यारावळ्यात सांगितलं, उंचावर बसल्याती म्हनून. आन तुमी येकदा बी तोंड उगडलं न्हाई?"

"काय सांगायचं हुतं?" जोतिबा म्हणाले. "तू हिरीत. पोटात ही. तुला कसं सांगू, मी बी हिरीतच हाय म्हनून?"

"सांगायचं की वं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रिक्षावाल्याने मान मागे वळवली. "सांगायचं हुतं. मी येकलीच हाय, येकलीच हाय, म्हनत मी पानी भरत हुते. दोगं तरी झालो अस्तो!"

जोतिबांनी अंदाजाने हात पुढे केला, तो फळीच्या काठाला लागला. चंद्राबाईने तो धरला आणि ओढून त्या खड्ड्यात, आपल्या बोटाशेजारी ठेवला. मग त्याच रागाने पुढे वाकून तिने रिक्षावाल्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"हाक की रं बिगीबिगी. डोळा ऱ्हायला पायजे ह्येंचा. अजून सा खड्डं दावायचं हायती मला."